मांजर म्हावऱ्याशेजारी का ठेवलं? अंगणवाडीतलं एक प्रकरण

आधी परिस्थिती सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. रायगडच्या किनाऱ्यावरचा एक कोळीवाडा, तिथली अंगणवाडी, एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. पटावर २२ मुलं, तीन ते सहा वर्षांची, त्यातली बहुतेक मासेमारीच्या घरातली आणि चार मागच्या कातकरी वाडीवरून येणारी. मी इथली सेविका, मुलं मला बाय म्हणतात. हे सगळं घडलं जून ते नारळी पौर्णिमा या काळात, त्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, बाप लोक घरी, आणि पाऊस असा की अर्धी मुलं भिजून यायची नाहीतर यायचीच नाहीत. मुलांची नावं मुद्दाम देत नाही, गाव लहान आहे.

माझ्याकडे चित्रांची नऊ पुस्तकं होती आणि भिंतीवर तक्ते. फळं, भाज्या, पाळीव प्राणी, वाहनं, पाण्यातले प्राणी. मुलं तक्त्यासमोर उभी राहून एका सुरात नावं म्हणायची आणि मला वाटायचं शब्द येतायत. मग एक दिवस साडेपाच वर्षांच्या एका मुलाने पाण्यातल्या प्राण्यांच्या तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "बाय, यो कनचा म्हावरा?" म्हणजे हा कुठला मासा, आमच्याकडे मासळीला म्हावरं म्हणतात. तक्त्यावर एक नारिंगी, गोल डोळ्यांचा मासा होता, काचेच्या टाकीत असतो तसला. मी म्हणलं, अरे मासा आहे. तो तसाच बघत उभा राहिला, कारण त्याला उत्तर मिळालंच नव्हतं. ज्या पोराला पापलेट, हलवा, बोंबील, मांदेली, वाकटी, मुशी लांबून ओळखता येते त्याला मी सांगत होते की हा मासा आहे. हा प्रसंग मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवला, आणि इथून पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

त्याच आठवड्यात निरीक्षणं भरायची होती, त्यात एक रकाना वर्गीकरणाचा. मी २४ कार्डं केली, जुन्या कॅलेंडरमधली आणि मासिकांमधली चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून, आणि एकेका मुलाला बसवून सांगितलं, "यांचे गट कर." बहुतेकांनी कार्डं नुसती ओळीत मांडली. काहींनी दोन सारखी दिसणारी शेजारी ठेवली आणि थांबली. एक साडेचार वर्षांची मुलगी, रोज लाल रिबीन बांधून येते म्हणून इथे तिला लाल रिबीन म्हणते, वर्गात जवळजवळ बोलायचीच नाही, विचारलं तर एक शब्द, तोही ओढणीत तोंड लपवून. तिने मांजर म्हावऱ्याशेजारी ठेवलं, म्हातारी बाई पाटीशेजारी, छत्री होडीशेजारी. मी तिच्या नावापुढे "जमत नाही" लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मला चैन पडेना म्हणून तिच्याच शेजारी बसले, तशीच कार्डं मांडली आणि विचारलं, मांजर इथे का गं ठेवलंस? "म्हावरा खातं ना." आणि छत्री? बराच वेळ गेला, मग म्हणाली, "पाऊस आला का होरी वर काढतान." लहान मुलं वस्तू अशाच जोडतात, कोण कुणाला खातं, काय कुठे असतं, कशासोबत काय लागतं. ही गोष्टीची जोडणी आहे. आणि आपण मागतो ती कपाटाची जोडणी, प्राणी प्राण्यांत, भांडी भांड्यांत. दोन्ही जोडण्या खऱ्या, मोठी माणसंही दोन्ही वापरतात, फक्त दुसरी जोडणी करायला मुलांना एक शब्द लागतो ज्याच्या खाली ह्या सगळ्या वस्तू मावतील, आणि कारणही लागतं की असं मुळात करायचं तरी कशाला. "गट कर" यात कारण काहीच नव्हतं. मी "जमत नाही" खोडलं आणि तिथे तिची वाक्यं लिहिली.

कारण मला सापडलं ते जेटीवर. खरं म्हणजे सापडलं काय, रोज डोळ्यासमोर होतं. होडी आली की बायका काय करतात, म्हावरं निवडतात. एका टोपलीतून सगळं मिसळून आलेलं ओतायचं, पापलेट वेगळी, कोळंबी वेगळी, त्यातही मोठी वेगळी बारकी वेगळी, आणि मग विकायला वाटे लावायचे. ही पोरं आईच्या शेजारी बसून हेच बघत मोठी झालेली, भातुकलीतसुद्धा दगडांचे वाटे लावतात आणि भाव करतात. म्हणजे ज्याला आम्ही कागदावर वर्गीकरण म्हणतो ते यांच्या घरचं रोजचं काम, फक्त त्याचं नाव वेगळं. पुढच्या सोमवारी मी तीच कार्डं पडवीत ओतली आणि "गट करा" म्हणायच्या ऐवजी म्हणलं, "चला, वाटे लावूया." एवढाच बदल केला, बाकी कार्डं तीच, मुलं तीच. पाच-सहा मुलं एकदम वाकून कामाला लागली, आणि भांडायला पण लागली, की हे ह्या वाट्यात नाय, त्या वाट्यात. ज्यांनी आठवड्याआधी कार्डं नुसती ओळीत लावली होती तीच ही मुलं.

आपल्या भाषेत या कामाचे शब्द किती आहेत ते तेव्हा मला बसून मोजावंसं वाटलं. मेथी निवडतो, तांदूळ निवडतो, सुपात पाखडतो, पीठ चाळतो, फुलं वेचतो, लसूण सोलतो, शेंगा फोडतो. प्रत्येकात काहीतरी कशापासून तरी वेगळं करायचं असतं पण करायची रीत वेगळी, साधन वेगळं. आणि आम्ही मुलांना शब्द शिकवायचे म्हणलं की नुसती नावं शिकवतो, आंबा केळं चिकू, क्रियापदांकडे कुणी बघतच नाही. माझ्या मते ही आपल्या तक्त्यांची सगळ्यात मोठी कमी आहे. तक्त्यावर पाखडणं दाखवता येत नाही पण पुस्तकात येतं, कारण पुस्तकात पान उलटतं, आधी आणि नंतर असतं, माणूस काहीतरी करताना दिसतो.

आता पुस्तक वाचण्याचं सांगते कारण तिथेही मला बदलावं लागलं. आधी मी २२ मुलांसमोर पुस्तक उंच धरून वाचायचे आणि प्रत्येक पानाला "हे काय?" विचारायचे. मागच्यांना चित्र दिसायचं नाही, पुढची दोन-तीन हुशार मुलं ओरडून सांगायची, बाकीची त्यांच्यामागे म्हणायची. "हे काय" हा प्रश्नच असा आहे की त्याला एका शब्दापुढे उत्तर नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग छापला होता, त्यात काही आईवडलांना महिनाभर शिकवलं की पुस्तक वाचताना मुलाला मोकळे प्रश्न विचारा, तो जे बोलेल ते थोडं वाढवून परत म्हणा, आणि नेहमीसारखं वाचून दाखवणाऱ्या घरातल्या मुलांपेक्षा ही मुलं बोलण्यात पुढे गेली. पद्धत फार साधी आहे. विचारा, ऐका, वाढवा, परत म्हणायला लावा. अवघड आहे ते ऐकणं, कारण आपल्याला गप्प बसवत नाही.

मी पाच-सहा मुलांचे गट केले, बाकीच्यांना मदतनीस ताई पडवीत खेळ घ्यायच्या. आठवडाभर एकच पुस्तक. पहिलं निवडलं ते बाजाराचं, त्यात शब्द थोडे आणि चित्रं गजबजलेली. आठवड्याचे सहाच शब्द ठरवले, आधी मी पंधरा-वीस घ्यायचे आणि शुक्रवारी एकही उरायचा नाही. एक नमुना वहीतून देते. चित्रात बाई भाजी निवडतेय.

मी: ही काय करतेय?
लाल रिबीन: भाजी.
मी: हां, भाजी निवडतेय. कशी निवडतेय गं?
लाल रिबीन: (हाताने दाखवते)
मी: देठ काढून टाकतेय. मग राहिलं काय?
दुसरी मुलगी: पानं! आमची आज्जी कोंबडीला देठ घालते.
मी: आज्जी देठ कोंबडीला घालते, आणि पानं?
लाल रिबीन: पानं आपल्याला.

"पानं आपल्याला" हे तिचं बाकीच्या मुलांसमोरचं पहिलं दोन शब्दांचं उत्तर, माझ्या वहीप्रमाणे दुसऱ्या आठवड्यातलं. आणि बघा त्यात वर्गीकरण आलंच की, कोंबडीचा वाटा आणि आपला वाटा.

एकच पुस्तक पाच दिवस वाचलं तर मुलं कंटाळतील ही भीती मला होती, तसं काही झालं नाही. पहिल्या दिवशी ती चित्रात हरवलेली असतात, तिसऱ्या दिवशी ती मला सांगायला लागतात की बाय तू हे सोडलंस. नवा शब्द त्यांच्या तोंडात येतो तो साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आधी नाही.

मग जुलैत आम्ही पुस्तकाला जोडून खरी वस्तू आणायला लागलो. ताजं म्हावरं नव्हतं पण सुकं घरोघरी होतं. एका आईने सुके बोंबील, वाकट्या, सोडे आणि जवळा दिला, दुसऱ्या घरांतून मोबाईलमधले ताज्या मासळीचे फोटो घेतले आणि गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढली. आता मजा ही की आमच्या इथे म्हावरं या शब्दात कोळंबी पण येते, चिंबोरी (खेकडा) पण येते, तिसऱ्या (शिंपल्यातले जीव) पण येतात. प्रमाण मराठीतला मासा त्याहून अरुंद. मी मुलांना शब्द दुरुस्त करायला सांगितलं नाही, मी म्हणलं म्हावऱ्याचे अजून बारीक वाटे लावूया का? आणि कसे लावायचे ते सांगितलं नाही.

पहिला वाटा निघाला ओलं आणि सुकं. ते अपेक्षित होतं. मग तो साडेपाच वर्षांचा, तक्त्यापुढे उभा राहिलेला मुलगा, कोळंबीचा फोटो उचलून म्हणाला, "याला पाय हायत." शांतता. मग सगळे फोटो उलटसुलट करून बघायला लागले. कोळंबीला पाय, चिंबोरीला पाय, शेवंडीला पाय. पापलेटला नाहीत, बांगड्याला नाहीत. वाटे पडले, पायवाले आणि बिनपायाचे. तिसऱ्या कुठे? बिनपायाच्या, पण मुलांना ते पटेना, कारण पापलेटला पर आहेत, शेपूट आहे, डोळे दिसतात, तिसऱ्याला काहीच नाही. तिसरा वाटा झाला, मुलांनीच त्याला शिंपलीवाले म्हणलं. मासे, कवचवाले पायाचे जीव आणि शिंपल्यातले, हे तीन गट शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात पुढे येतात ते ह्या पोरांनी सुकटाच्या वासात बसून स्वतः काढले. आणि पर, कवच, शेपूट, खवले, कल्ले हे शब्द मी त्या दिवशी दिले ते शिकवावे लागले नाहीत, त्यांना ते हवेच होते भांडणासाठी.

अडकलं ते माकूळ, म्हणजे स्क्विड. त्याला पाय आहेत की नाहीत? एक गट म्हणे ते पाय, एक म्हणे हात, एक मुलगी म्हणाली केस. माकूळ खरं म्हणजे तिसऱ्यांचं नातेवाईक, शिंपलीवाल्यांतलं, त्याच्या आत पातळ पारदर्शक पातं असतं ते त्याच्या शिंपल्याचंच उरलेलं रूप. मी आत जाऊन मोबाईलवर वाचून आले आणि दोन मिनिटं विचार केला की सांगावं का. नाही सांगितलं. वाट्याचं नाव पायवाले होतं आणि ज्याला माकूळला पाय दिसतात त्याने ते तिथे ठेवलं तर त्याचं बरोबरच आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाने स्वतःचा नियम ठरवला आणि तो पाळला यापेक्षा जास्त मला या वयात नको आहे.

कातकरी वाडीवरच्या चौघांतला एक मुलगा इतके दिवस काठाकाठाने बसायचा, समुद्राच्या म्हावऱ्याची नावं त्याला यायची नाहीत आणि बाकीची मुलं त्याला हसायची, हे मी वेळेवर थांबवलं नाही याचं मला वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी तो डब्यात एक मुठा घेऊन आला, शेतातला खेकडा, जिवंत. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात तेव्हा तो बापाबरोबर ओढ्यावर जातो, त्याला ओढ्यातलं आणि शेतातलं सगळं माहीत. कोळ्यांच्या पोरांनी मुठा हातात कसा धरायचा ते त्याच्याकडून शिकून घेतलं, आणि मग वाट्यांची नवी रीत निघाली, दर्याचं, खाडीचं, ओढ्याचं. चिंबोरी आणि मुठा एका रीतीने एका वाट्यात, दुसऱ्या रीतीने दोन वेगळ्या वाट्यांत.

आणि इथेच लहान मुलं अडखळली. पायांप्रमाणे वाटे लावून झाले की तेच फोटो गोळा करून "आता दर्या आणि ओढा" म्हणलं की तीन-साडेतीन वर्षांची मुलं परत पायांप्रमाणेच लावायची, विचारलं तर नवा नियम तोंडाने बरोबर सांगायची आणि हात मात्र जुन्या नियमाने चालायचे. हे जगभर दिसलेलं आहे, फिलिप झेलाझो या मानसशास्त्रज्ञांनी रंग आणि आकाराच्या कार्डांवर हेच दाखवलंय, तीन वर्षांची बरीच मुलं नियम बदलला तरी जुन्याला चिकटतात आणि चार-पाचपर्यंत बहुतेकांना जमतं. म्हणून त्यांच्यावर ओरडण्यात अर्थ नाही. मी एक युक्ती केली, मदतनीस ताई डोक्यावर पदर घेऊन गिऱ्हाईक होऊन आल्या, "मला ओढ्याचंच पायजे, दर्याचं नको." गिऱ्हाईक बदललं की चार वर्षांवरच्यांना नियम बदलणं सोपं गेलं. तीनवाल्यांना तरी नाही गेलं. राहू दे.

एकदा पाच पापलेटांचे आणि दोन चिंबोऱ्यांचे फोटो ठेवून विचारलं, पापलेट जास्त की म्हावरं जास्त? सगळ्यांनी पापलेट सांगितलं, सहा वर्षांच्या दोघांनीसुद्धा. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने फुलांवर हाच प्रश्न घेतला होता. एक वस्तू एकाच वेळी पापलेट पण आहे आणि म्हावरं पण, हे मोजताना डोक्यात धरणं या वयाला जड जातं, रोजच्या बोलण्यात शब्द बरोबर वापरत असली तरी. हे मी परत विचारलं नाही.

आता एक गोष्ट पुस्तकांनी झाली नाही ती. चार वर्षांचा एक मुलगा, कुठल्याच गटात बोलायचा नाही, चित्रं बघायचा, पान उलटायचा, हसायचा. मी समजत होते लाजाळू आहे. एक दिवस गोष्ट वाचताना मी त्याच्या मागे बसले होते आणि त्याचं नाव दोनदा घेतलं, त्याने वळून पाहिलं नाही. समोरून घेतलं की बघायचा, म्हणजे तोंडाकडे बघून समजायचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना तपासायला अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांना आधी फोन करून सांगितलं, त्यांनी पुढे पाठवलं, दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं, उपचार चालू आहेत. माझं सगळ्यांना सांगणं आहे, मूल बोलत नसेल तर पुस्तकाआधी कान बघा, आणि लहान गटात वाचलं तरच हे लक्षात येतं, २२ जणांच्या कोरसमध्ये ते मूल शाळेत जाईपर्यंत लपून राहिलं असतं.

एका वडलांनी विचारलं, शाळेत पण म्हावराच का, एबीसीडी कधी? प्रश्न रागाने नव्हता, त्यांना पुढे पोराला इंग्रजी शाळेत घालायचंय. मी त्यांना पडवीत बसवलं आणि त्यांच्याच मुलाला वाटे लावताना पाहू दिलं. तो "कवच" म्हणाला, "टोकदार" म्हणाला, "हा यात नाय कारण याला शेपूट हाय" म्हणाला. मी एवढंच म्हणलं की "कारण" हा शब्द वापरणारं मूल कुठल्याही भाषेच्या शाळेत चालेल. त्यांना किती पटलं सांगता येत नाही, पण पुढच्या आठवड्यात पुस्तकासाठी पुठ्ठे त्यांनीच आणून दिले.

हो, ते पुस्तक. नऊ पुस्तकांत आमच्या इथलं काहीच नव्हतं. प्रथम बुक्सने २०१५ पासून स्टोरीवीव्हर या त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट ठेवलीत, तिथून काही मोबाईलवर दाखवली आणि काही प्रिंट करून घेतली, चांगली आहेत, तरी मुठा कुठून येणार. मला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचं काम आठवलं, १९४५ साली बोर्डीला, तोही समुद्रकाठच, तिथून १९५७ मध्ये कोसबाडला, अनुताई वाघ बरोबर, आदिवासी पाड्यावर मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, त्यातूनच अंगणवाडी, आणि साधनं म्हणजे शंख-शिंपले, बिया, पानं, आजूबाजूला पडलेलं. म्हणून आमचं पुस्तक आम्हीच केलं. बारा पानं, पुठ्ठ्याची, फोटो आणि मुलांची चित्रं, आणि प्रत्येक पानाखाली मुलाने सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं, त्याच्याच बोलीत, आणि त्याच्याखाली माझं प्रमाण मराठीत. दोन्ही वाचते. एका आजोबांनी जाळं विणायच्या सुईने पानं ओवून दिली.

याचं श्रेय किती पुस्तकांना द्यायचं हे मला प्रामाणिकपणे वेगळं काढता येत नाही. ते दोन महिने बाप घरी होते, घरात बोलणं एरवीपेक्षा जास्त झालं असणार. चार-पाच वर्षांच्या मुलांत फरक स्पष्ट दिसला, तीनवाल्यांत शब्द वाढले पण वाटे नाही. लाल रिबीन नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पुस्तक मांडीवर घेऊन तिच्या लहान भावाला दाखवत होती आणि मी ऐकलं, "ही बघ कोळंबी, हिला पाय हायत, म्हणून ही चिंबोरीच्या वाट्यात." दहा शब्दांचं वाक्य, कुणी न विचारता.

पुस्तकाचं एक पान अजून ओवलेलं नाही, माकूळचं. ते नुसतं दोऱ्याने बांधलंय, कारण रोज कुणीतरी ते सोडवून कधी पायवाल्यांत तर कधी शिंपलीवाल्यांत नेऊन बांधतं.